फूहाईचं अनुपान

"तुझ्या पोटात कुणी राहतच नाही," वैद्य शाँग म्हणाले आणि त्यांनी यान फूहाईच्या मनगटावरची तीन बोटं उचलली.

फूहाई दचकला. "राहायला कोण हवं होतं?"

"भाडेकरू. डोळ्यांना न दिसणारे. माझ्या काढ्यातल्या जिनसेंगच्या मुळीचा कस साखरेचा अंगरखा घालून येतो. तो उतरल्याशिवाय आतड्याची भिंत त्याला आत घेत नाही. उतरवायचं काम या भाडेकरूंचं. आणि तू त्यांना सरसकट मारून टाकलंस."

फूहाईनं मान खाली घातली. हगवण लागली तेव्हा शहरातून आणलेल्या गोळ्या त्यानं दुप्पट घेतल्या होत्या. दुप्पट घेतल्या की निम्म्या वेळात बरं वाटेल, असा त्याचा हिशोब. हगवण थांबली, पण अन्न अंगी लागेना. वैद्यबुवांचा काढा तर आत जायचा, गाव बघायचा आणि जसाच्या तसा बाहेर यायचा. नवी भोकं पाडून पाडून कमरेच्या पट्ट्याची चाळणी झाली होती. वारा सुटला की चहाच्या दुकानातले मित्र त्याच्या खिशात महजाँगच्या सोंगट्या भरत आणि मगच त्याला घरी सोडत. डोंगरावर चहाची खुडणी तोंडावर आली होती आणि रिकामी टोपली उचलतानाही फूहाईचे पाय लटपटत होते.

"मग काढा बदलता का?"

"काढा उत्तम आहे. त्याला बोटाला धरून आत नेणारं अनुपान हवंय. कुणाला जुनी दारू लागते, कुणाला आल्याचा रस. तुला आंबवलेल्या भाज्यांचा जुना खार लागेल. तुझे भाडेकरू त्यातच वाढतात. आणि या खोऱ्यात खऱ्या अर्थानं जुनी बरणी एकच. तुझ्या शूलानताईची."

"मग मेलो तरी चालेल," फूहाई म्हणाला.

ती बरणी आधी आजीची, मग आईची. एका उंदरानं म्हणे तिच्यातला थेंबभर खार चाटला आणि तेव्हापासून गावातली मांजरं झाडावर झोपायला लागली. आईला पुरून आल्यावरच्या जेवणात फूहाईनं डुकराच्या मटणात बरबटलेल्या जेवायच्या काड्या तशाच त्या बरणीत घातल्या. तेलाचा थेंब म्हणजे खाराचा काळ. भर पंगतीत शूलानताईनं त्याच्या हातावर पळी हाणली. "आई गेली ती गेली, आता तिची बरणीही मारतोस?" फूहाई वाडगा टाकून उठला. तुझ्या घरचा मुळ्याचा काप पुन्हा तोंडात घालणार नाही, असं सगळ्यांदेखत बोलला. त्याला एक तप होऊन गेलं. बरणी जगली. बोलणं मेलं. मागच्या वर्षी ताईचा नवरा गेला, तेव्हाही हा कोपऱ्यात उदबत्ती लावून न बोलता परतला होता.

"आणि ऐक," वैद्यबुवा म्हणाले, "खार घरी आणायचा नाही. वाटेत हिंदकळला की रुसतो. तिथेच बसून भाताबरोबर खायचा. रोज. बरणीच्या मालकिणीनंही शेजारी बसून तेवढंच खायला हवं. तिनं घास टाळला की गुण गेला."

दुसऱ्या दिवशी फूहाई एका हातात काढ्याचं मडकं आणि दुसऱ्यात रिकामा वाडगा घेऊन उतारावरून ताईच्या दारात आला.

"कोण मेलं?" ताईनं विचारलं.

"अजून कुणी नाही. मी मरू नये म्हणून आलोय." त्यानं वैद्यबुवांचं सगळं सांगून टाकलं, पोटातल्या भाडेकरूंसकट.

ताईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बुजगावणं बरं दिसतं तुझ्यापेक्षा."

"तूही काही फार बाळसं धरलेलं नाहीस."

"भात केलेला नाहीये."

"चूल तर आहे ना?"

चूल गार होती. ताईनं ती पेटवली. भात रटरटायला लागला तशी ती बरणीपाशी गेली. बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून झाकणाभोवती काठाच्या पन्हाळीत भरलेलं पाणी गुडगुडत होतं. फूहाईनं मदत म्हणून आपल्या काड्या पुढे केल्या.

"हात मागे घे!" ताई इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या. मग तिलाच हसू फुटलं. फूहाईलाही. हसता हसता दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोघांनीही त्याचा दोष मिरचीला दिला. मिरची अजून बरणीतच होती.

त्यानं मुळ्याचा काप तोंडात घातला. आईची चव होती. ताई मात्र वाडग्यात काड्या फिरवत बसली.

"ताई, खा गं. माझा गुण जाईल."

"मेल्या, तुझ्यासाठी खाते हं," म्हणत तिनं पहिला घास घेतला. त्या दिवशी तिनं अर्धा वाडगा संपवला. पुढे पुढे तर दुसरा वाडगा कोण आधी संपवतं यावरून दोघांची भांडणं व्हायला लागली.

खुडणीला फूहाई भरलेली टोपली पाठीवर घेऊन उतरला, तो थेट वैद्यबुवांकडे. पट्टा पुन्हा पहिल्या भोकावर आला होता.

"वैद्यबुवा, भाडेकरू परतले! पण एक कळलं नाही. मालकिणीनं शेजारी बसून खायलाच हवं, हे कुठल्या पोथीत आहे?"

"कुठल्याच नाही." वैद्यबुवांनी चहावर फुंकर मारली. "नवरा गेल्यापासून तुझी ताई माझ्याकडे येते. एकटीसाठी चूल पेटवत नव्हती, नुसत्या रिकाम्या पोटी काढा पीत होती. माझ्या सगळ्या मुळ्या वाया चालल्या होत्या. तिला अनुपान सापडत नव्हतं रे. शेवटी तेच मनगट पुढे करून माझ्यासमोर येऊन बसलं, म्हणून मी त्याच्या हातात वाडगा देऊन उताराला लावलं."