बिघडलेला फोटो

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. परदेशातल्या मोठ्या सोहळ्यात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि आयोजकांनी पडद्यावर दाखवायला लहानपणीचा एक फोटो मागितला.

तिथेच घोडं अडलं. बाबांचा उभा जन्म फोटो स्टुडिओत गेलेला, घरात अल्बमची थप्पी. पण प्रत्येक फोटोत भांग पाडलेला, शर्ट खोचलेला एक रडवेला मुलगा. "मी मुलगी आहे," असं तिने सांगितलं, त्या दिवसापासून बाबा जेवढ्यास तेवढंच बोलत. त्यांना आपली लाज वाटते, ही बोच तिच्या मनातून कधी गेली नव्हती.

तिने आईला फोन लावला.

"ज्यांचं काम त्यांनाच विचार बाई," म्हणत आईने फोन सरळ बाबांच्या हातात दिला.

"आहे एक," बाबा म्हणाले. "पण बिघडलेला. म्हणून अल्बमात लावला नाही."

"माझ्यामुळेच बिघडला असेल."

"पाठवतो. तूच बघ."

फोटो आला. सात वर्षांची ती, आईची ओढणी लांब केसांसारखी डोक्याला बांधून, आरशासमोर डोळे मिटून वाकलेली, जणू टाळ्यांचा कडकडाट चाललाय. त्या दुपारी खोलीत आपण आणि देव, तिसरं कुणी नाही, असंच ती आजवर समजत होती.

"बाबा, यात बिघडलंय काय?"

"आरशात बघ, पोरी. अख्ख्या धंद्यात अशी चूक तेवढी एकदाच झाली."



आरशाच्या कोपऱ्यात बाबा स्वतःच आले होते. कॅमेरा छातीशी धरलेले आणि तोंडभर हसणारे.