रनिंगचे दिवस

हे लिहिणारच नव्हतो, पण माझा दोस्त भैरूच म्हणाला, लिही.

शर्यतीसाठी त्याच्या मोटरसायकलच्या इंजिनाचं बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवला. मिस्त्रीनं बजावलं, "पहिले पाचशे किलोमीटर रनिंगचे, चाळीसच्या वर नेऊ नका, इंजिन जाम होईल." भैरूला कुठला धीर! म्हणून कारखान्यातून दमून आलो तरी रोज मीच चालवायचो, तो मागं.

एवढ्या हळू चालवताना कानात वारं भरत नाही. तो बोलायला लागला. काल म्हणाला, "शर्यत कसली लेका? भरधाव गाडी दरीत घालायची होती मला."

मी गाडी बाजूला घेतली. "आणि आता?"

"आता बसून बसून पाठ धरलीया."

मला हसू आलं नाही.

"उद्या येणार," म्हणालो. "परवा पण. झोपला असलास तर उठवून नेणार."