जास्तीची माशी

चित्रात सात फुलपाखरं, चार भुंगे, दोन सुरवंट आणि एक माशी होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून साडेतीनशे वर्षांपूर्वी छापलेलं ते चित्र अकरा वाजता लोकांसमोर येणार होतं. संग्रहालयातल्या नव्या नोकरीतलं शलाकाचं हे पहिलंच प्रदर्शन. मोजून झाल्यावर ती चहाला गेली. परत आली, तर कागदावर नुसती डाळिंबाची फांदी.

"पळाले सगळे!" कीटकनाशकाचा पंप खाली ठेवत संग्रहालयाचे शिपाई सोनटक्केकाका म्हणाले. "प्रदर्शनाआधी फवारणी लागतेच ना, ताई."

"काका, ते छापलेले होते!"

"औषधाला काय कळतंय, छापलेला कुठला नि खराखुरा कुठला?"

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता नोकरी जाणार. पण प्राणिशास्त्र शिकलेली पोर ती. तिने खिडक्या उघडून वास घालवला, काकांच्या डब्यातलं पिकलेलं केळं मागून घेतलं आणि गूळ घालून कुस्करून चित्रापुढे ठेवलं.

"जेवण होतं माझं," काका पुटपुटले.

साडेदहाला पहिला भुंगा आला, पोटभर खाऊन फांदीवर चढला आणि सपाट झाला. मागोमाग फुलपाखरं उतरली. सुरवंट शेवटी आले, चालत.

अकराला पाच कमी असताना तिने पुन्हा मोजलं. सात, चार, दोन. माशा मात्र दोन.

"एक जास्तच दिली की," काका म्हणाले.

शलाकाने भिंग लावून नवी माशी मोजली. लांबी सात मिलिमीटर, जाडी शून्य, पोटात केळं.