गळती

"परत गळतंय," देवस्थळी सर म्हणाले.

रक्ताच्या पेशींमध्ये सोडलेलं डीएनएचं सर्किट कॅन्सरची एक दुर्मिळ खूण सापडली, तरच हिरवं चमकायला हवं होतं. पण निरोगी रक्ताची नळीही दर वेळी मंद चमकायची. खूण नसताना उजेड, याला प्रयोगशाळेत गळती म्हणत. आठ महिने त्यांची विद्यार्थिनी शाल्मली ती बुजवत होती. डीएनएचे धागे बदलले, रसायनं बदलली, पाणीसुद्धा बदललं. निरोगी रक्त मात्र पहिल्यापासून सरांचंच. "उगाच कुणाला कशाला टोचायचं?" म्हणत ते बाही सरसावायचे.

पुढच्या आठवड्यात सर परिषदेला गेले. काम अडू नये म्हणून तिनं स्वतःचं रक्त घेतलं. नळी अंधारीच राहिली. मग विचारून वॉचमनकाकांचं घेतलं, कँटीनमधल्या मावशींचं घेतलं. एकही नळी चमकली नाही.

परत आल्यावर सोमवारी सरांनी पडद्यावरचा आलेख पाहिला आणि चक्क टाळी वाजवली.

"थांबली की गं गळती! पेपर झाला म्हणायचा आपला." नवा नमुना द्यायला सवयीनं बाही वर करत त्यांनी विचारलं, "काय बदललंस?"

शाल्मलीनं सुईचं पाकीट उघडलं नाही.

"रक्त, सर."