खुर्चीखालची टरफलं

बाबा मला गणित शिकवायचे ते भुईमुगाच्या शेंगा फोडत. उत्तर कधीच सांगायचे नाहीत. एक पायरी बरोबर आली, की सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवायचे. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. तेव्हापासून दर्यापूरच्या आमच्या घरात शेंगा आल्या नाहीत.

आता मी मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून शिकते. पहिल्याच दिवशी त्याला बजावलं, "मले उत्तर नोको सांगू. फक्त पुढची पायरी इचार." तो तसंच करतो. पायरी जमली, की बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडून शेंग फुटल्याचा आवाज येतो. मी तिकडे बघत नाही. अभ्यास मात्र झकास होतो.

काल दुपारी कंटाळा आला. सरळ लिहिलं, "पूर्ण उत्तर दे." क्षणात आलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. खुर्ची गप्प होती.

आई झाडू घेऊन आली, खुर्चीखाली वाकली आणि थबकली.

"कावून वं प्रियदर्शनी, आज टरफलं नाही पडले?"

त्या आवाजाबद्दल मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"तू रोज झाडतं काय?"

"मंग! रोजच त झाडतो."

मी उतरवलेलं सगळं खोडलं आणि गणित पुन्हा पहिल्या पायरीपासून धरलं. पायरी जमली. खुर्चीकडून शेंग फुटली. आई समाधानानं हसली.

वर न बघता मी लहानपणासारखा तळहात पुढे केला.

दाणे कोमट होते.