लिफ्टचं सील

"सील फाटलं होतं की सीटवरच्या माणसाचा हात लागला, एवढंच सांग," म्हातारा म्हणाला. "बाकी गप्पा नकोत."

"काका, आधी उघडू तर द्या. पोटातलं बाहेरून सांगायला मी काय ज्योतिषी आहे?" मिस्त्री म्हणाला.

म्हातारा हसला नाही. हसण्याच्या बाबतीत तो पहिल्यापासूनच काटकसरी. थोरला गेल्यापासून तेवढंही बंद.

थोरला मुलगा उचललेल्या नांगराखाली वाकून फाळाचा बोल्ट आवळत होता आणि नांगर खाली आला. माणसं जमल्यावर धाकट्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सीटवर मी होतो. लिव्हरला हात लागला की नाही, आठवत नाही." वहिनीने त्याच्या तोंडावर दार लावलं. तेव्हापासून तो कुठल्याशा गोदामात झोपत होता. भेटायला येणारे हळहळायचे थोरल्यासाठी, आणि जाता जाता धाकट्याची चौकशी करायचे. चौकशीतच निकाल असायचा.

ट्रॅक्टर म्हाताऱ्याच्या तरुणपणातला. नांगर तेलाच्या दाबाने उचलून धरणाऱ्या लिफ्टचं सील मिस्त्रीनेच मागच्या हंगामात बदललेलं. ते फाटलं तर तेल मागे पळतं, नांगर आपोआप बसतो. ते शाबूत, तर नांगर कुणीतरी सोडलेला.

"आणि हात निघाला तर?" मिस्त्रीने नट सोडवता सोडवता विचारलं.

"तर ज्याचा हात, त्याला घेऊन मी पोलिसात जाणार. घरचा म्हणून सूट नाही."

"पोटचा आहे, काका."

"आणि गेला तो कुणाच्या पोटचा होता?"

मिस्त्रीने शेवटचा नट काढला. झाकण उचललं. म्हातारा पाठ करून भिंतीवर टांगलेल्या इंजिनच्या पट्ट्यांकडे बघत उभा राहिला, जणू त्याला तेच विकत घ्यायचे होते.

पिस्टन बाहेर आला. सील काळंभोर, गुळगुळीत. मिस्त्रीने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. कुठे चीर नाही. व्हॉल्व्हही मोकळा चालत होता.

त्याला धाकटा आठवला. "मिस्त्री, दादाची कंबर दुखते, सीटची स्प्रिंग नरम बसव," म्हणून डोकं खाणारा. आणि "दादाला सांगू नकोस हां, म्हातारा म्हणून चिडवतोय म्हणेल."

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक सीलखाली घातलं आणि पिळलं.

"काका, हे बघा. फाटलंय. हात कुणाचाच नाही. मी बसवलेला माल हलका निघाला. दोष माझा."

असल्या जुन्या ट्रॅक्टरला हात लावणारा म्हणून आसपास त्याचंच नाव. आता ही बातमी फुटली, की गिऱ्हाईक त्याच्या दारावरून सरळ पुढे जाणार. हा तोटा त्याने तोंड उघडण्याआधीच हिशेबात धरला होता.

म्हाताऱ्याने सील तळहातावर घेतलं. मग तेलाच्या डब्यावर बसून तो हंबरडा फोडून रडला. मिस्त्रीने पाण्याचा तांब्या पुढे केला, खांद्यावर हात ठेवला.

"आता पोराला घरी आणा, काका. त्याने पुष्कळ सोसलं."

"आणतो," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलायची आता त्याला गरज नाही. सीटवर तो नव्हताच, मिस्त्री. मी होतो."