गॅरेजातल्या जावा

“आमच्या धाकट्या सुनेच्या हाताला गुण आहे हो!” सासऱ्यांनी गिऱ्हाइकाला पुन्हा ऐकवलं आणि शेजारी चाक आवळणाऱ्या थोरलीच्या जिवाचा जळून कोळसा झाला. धाकटी गाडीखाली आडवी झाली होती. पेट्रोलच्या नळीच्या सांध्यात सरकवून आतला खटका सोडवायच्या वेगवेगळ्या मापांच्या रिंगांतली तिने लाल उचलली. ती रिंग या नळीला सैल पडणार. नळीचा खटका सुटण्याऐवजी तुटणार, हे थोरलीने ओळखलं. ‘तुटू दे! मामंजींनाही कळू दे एकदा!’ ती चाकच आवळत राहिली. पण देवा, उरलंसुरलं पेट्रोल उडणार ते थेट त्या वेडीच्या डोळ्यांत! थोरलीने फणकाऱ्याने निळी रिंग गाडीखाली सरकवली. “लाल नाही, ही घे.” खटका अलगद सुटला. “बघितलंत?” सासरे फुलले. “मामंजी, रिंग जाऊबाईंनी निवडली,” धाकटी खालूनच ओरडली, “मी चुकलेच होते.” गिऱ्हाईक कौतुकाने हसलं, गाडीखाली वाकून धाकटीकडेच बघत. थोरलीने पाना आपटला. आता चांगुलपणातही मेली पुढेच निघाली!